चाळीस हजारांत डेस्कटॉप: ग्राफिक्स कार्डाविना चालेल का?

प्रश्न: मुलीचा अभ्यास आणि माझे छायाचित्र-संपादन यांसाठी संगणक जुळवायचा आहे. रायझन ५ ५६००जी हा प्रोसेसर आणि १६ जीबीची एकच रॅम पट्टी घेतली, तर ग्राफिक्स कार्ड तूर्त टाळता येईल का?

उत्तर १: येईल; मात्र बिलावरचे ‘जी’ हे अक्षर नीट पाहून घ्या, कारण साध्या ५६०० मध्ये अंगभूत ग्राफिक्स नसते आणि कार्डाशिवाय पडद्यावर काहीच उमटणार नाही. रॅम ८ जीबीच्या दोन पट्ट्यांत घ्यावी. हे ग्राफिक्स स्वतःची वेगळी मेमरी नसल्याने रॅमच वापरते, आणि एकाच पट्टीतून डेटा कमी वेगाने मिळत असल्याने ते चांगलेच मंदावते.

उत्तर २: कॅबिनेटसोबत फुकट मिळणाऱ्या एसएमपीएसवर (संगणकाला वीज पुरवणाऱ्या भागावर) विसंबू नका, माझा असाच एक, जळताना मदरबोर्डही घेऊन गेला. प्रोसेसर ६५ वॅटचा असल्याने ८० प्लस ब्रॉन्झ या वीज-कार्यक्षमतेच्या मानांकनाचा ४५० वॅटचा एसएमपीएस पुरेसा आहे, आणि पुढे मध्यम कार्ड लावले तरी तो बदलावा लागणार नाही.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. एसएसडी जेन ४ (म्हणजे पीसीआयई ४.० ची) घ्यावी काय?

उत्तर १: नको. एसएसडी ज्या पीसीआयई जोडणीने प्रोसेसरशी जोडली जाते, ती ५६००जी मध्ये ३.० पर्यंतच चालते, म्हणून जेन ४ चा जादा वेग मिळणार नाही. वाचलेले पैसे मॉनिटरवर घाला.