मदत हवी आहे: नकाशा ड्रॅग करता यावा म्हणून पॉइंटर कॅप्चर लावलं आणि क्लिकची जोडी तुटली

एका पानावर महाराष्ट्राच्या ३६ जिल्ह्यांचा इनलाइन एसव्हीजी (पानाच्या कोडमध्येच लिहिलेलं रेषाचित्र) नकाशा आहे, शेजारी तक्ता. जिल्ह्यावर क्लिक केलं की तक्त्यातली त्याच जिल्ह्याची ओळ उजळली पाहिजे.

प्रत्येक जिल्ह्याच्या गटाला आणि ओळीला एकच डेटा-कोड दिलाय. नावावरून जुळवणी मुद्दाम टाळली. उस्मानाबाद-धाराशिवसारखी नावं बदलतात, शिवाय एखादा अदृश्य झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारं, न दिसणारं चिन्ह) शिरला तर दिसायला सारखी नावंही जुळत नाहीत. लिसनर (क्लिक झाल्यावर चालणारा कोड) एकच, मूळ एसव्हीजीवर. इव्हेंटच्या टार्गेटवर, म्हणजे ज्या घटकावर क्लिक झालं त्यावर, क्लोजेस्ट (तिथून बाहेरच्या दिशेने जुळणारा घटक शोधणारं फंक्शन) लावून गट शोधतो, त्यामुळे जिल्ह्याच्या नावाच्या अक्षरांवर क्लिक झालं तरी चालतं. इथवर सगळं सुरळीत.

मग नकाशा सरकवायची सोय केली. पॉइंटरडाउनलाच (बटण किंवा बोट दाबताक्षणी) एसव्हीजीवर सेट-पॉइंटर-कॅप्चर, म्हणजे पुढचे सगळे पॉइंटर इव्हेंट एसव्हीजीकडेच वळवायचे. तेव्हापासून क्रोममध्ये क्लिकचं टार्गेट म्हणून जिल्हा नाही, खुद्द एसव्हीजीच येतो. क्लोजेस्ट साहजिकच नल देतो, म्हणजे गट सापडतच नाही. कॅप्चरची ओळ काढली की क्लिक पूर्ववत, पण माउसचा पॉइंटर नकाशाबाहेर गेला की ड्रॅग अर्धवट लटकतं.

दोन वाटा दिसतात:

१. पॉइंटर ५ पिक्सेलपेक्षा जास्त हलल्यावरच कॅप्चर करायचं.
२. क्लिकच्या क्लायंट-एक्स, क्लायंट-वाय (पडद्यावरची जागा) वरून एलिमेंट-फ्रॉम-पॉइंटने, म्हणजे त्या जागी सर्वांत वर असलेला घटक देणाऱ्या फंक्शनने, जिल्हा शोधायचा.

दुसरी वाट मला जुगाड वाटते. टूलटिप वर आला तर तोच हाती लागेल, त्याला पॉइंटर-इव्हेंट्स नन (क्लिक त्याला न लागता खाली जावं अशी सीएसएस सेटिंग) द्यावं लागेल. पहिलीत ड्रॅग संपल्यावर येणारा क्लिक कुठे गाळता? फ्लॅग ठेवून, की कॅप्चर फेजमध्ये (इव्हेंट टार्गेटपर्यंत पोचण्याआधीच्या टप्प्यात; पॉइंटर कॅप्चरशी याचा संबंध नाही) अडवून? टचवर ५ पिक्सेल पुरतात का?