मदत हवी आहे: १९९० च्या मियाटात १.८ लिटरचं इंजिन, बजेट ३,००० डॉलर, आणि स्मॉगही (धुराची सरकारी तपासणी) पास व्हायला हवा

मंडळी नमस्कार,

इंजिन उतरवण्या-चढवण्यावर इथे फारसं कुणी लिहिलेलं दिसलं नाही, म्हणून नवा धागा. जरा लांबण लागेल, पण अर्धवट माहिती दिली की पहिले प्रतिसाद "मॉडेल कोणतं?" यातच जातात.

गाडी माझदा मियाटा, १९९० चं मॉडेल, म्हणजे अमेरिकेत आलेल्या पहिल्याच खेपेतली. १.६ लिटरचं बी६ इंजिन, ११६ हॉर्सपॉवर, पाच गिअर, रिअर व्हील ड्राइव्ह. मुक्काम फ्रीमाँट, कॅलिफोर्निया. यातला शेवटचा शब्द महत्त्वाचा, कारण निम्मं त्रांगडं तिथूनच सुरू होतं.

दुखणं असं की गाडी चार हजार आरपीएमच्या वर दमायला लागली. प्लग, वायरी, फ्युएल फिल्टर वगैरे नेहमीचं सगळं बदलून झालं. मग टायमिंग लाइट (ठिणगी नेमकी कधी पडते ते दाखवणारा दिवा) लावला. डायग्नोस्टिकच्या डबीत टेन आणि जीएनडी या दोन पिना वायरच्या तुकड्याने जोडायच्या, आयडलला इंजिनाच्या पुढच्या पुलीवरची खूण १० अंशांवर स्थिर दिसायला हवी. माझी खूण नाचते. पुलीकडे बाजूने वाकून पाहिलं तर ती सरळ फिरतच नाही, लचकत फिरते. बोल्टाभोवतीच्या खाचा मोजल्या. चार.

ज्यांना हे माहीत आहे त्यांनी कपाळाला हात लावला असेल. बाकीच्यांसाठी: १९९० आणि ९१ च्या सुरुवातीपर्यंतच्या मियाटांच्या क्रँकचं, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याचं, पुढचं टोक आखूड आहे, त्याला शॉर्ट नोज क्रँक म्हणतात. त्या टोकावर टायमिंग बेल्टचं दातेरी चाक एका इवल्याशा चावीवर (खाचेत बसणाऱ्या धातूच्या पाचरीवर) बसतं आणि मधल्या बोल्टाने आवळलेलं असतं. कुणी तरी कधी तरी बेल्ट बदलताना तो बोल्ट नीट आवळला नाही, की चावी आपलीच खाच खायला लागते. खाच रुंदावली की चाक हलतं, चाक हललं की टायमिंग सरकतं. पुढे माझदाने टोक लांब केलं आणि बोल्टही मोठा दिला. त्या पुलीवर आठ खाचा दिसतात.

कोल्हापूरला असतो तर क्रँक उचलून उद्यमनगरात नेला असता. मिस्त्रीने वेल्डिंगने भरून, लेथवर घेऊन, नवी खाच पाडून दिली असती. इथल्या मशीन शॉपवाल्याने फोनवरच सांगितलं की मजुरी धरली तर दुसरं इंजिन स्वस्त पडेल.

दुसरा उपाय लॉकटाइटचा, म्हणजे धातूच्या फटीत भरायच्या गोंदाचा. चाक, चावी आणि टोक साफ करून मधे लॉकटाइट ६६० भरायचं, आवळायचं, रात्रभर ठेवायचं. लोक या उपायावर वर्षानुवर्षं गाड्या चालवतात. पण खाच थोडी खाल्लेली असेल तर ठीक. माझी पुली ज्या तऱ्हेने लचकते आहे ते बघता मला धीर होत नाही.

म्हणजे इंजिन उतरवणं आलंच. आणि उतरवायचंच असेल तर १.८ का नको, हा किडा तेव्हापासून डोक्यात आहे. १९९४ पासून मियाटात १.८ लिटरचं बीपी इंजिन आलं, १२८ हॉर्सपॉवर. आकडा ऐकून कुणी हुरळून जाणार नाही, पण ही गाडी टनभरसुद्धा नाही आणि टॉर्क खालपासून जास्त मिळतो. घराणं एकच असल्यामुळे माउंटिंग जुळतात, माझाच गिअरबॉक्स चालतो, क्लच आणि फ्लायव्हील तेवढं १.८ चं लावायचं. होंडाचं के२४ इंजिन बसवलेल्या मियाटा मीही पाहिल्यात आणि लाळही गाळली आहे. पण त्यात नुसतं किटच माझ्या बजेटच्या पुढे जातं, म्हणून कृपया ते सुचवू नका. व्ही८ तर मुळीच नको.

हिशेब असा मांडलाय. भंगारातलं १.८ इंजिन हजाराच्या आसपास. क्लच किट दोनशे. टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप दीडशे. पुढचं-मागचं ऑइल सील, सगळी पॅकिंगं, होसपाइप मिळून दोनशे. ऑइल, कूलंट, किरकोळ शंभर. इंजिन उचलायची घोडी भाड्याने. वर सात-आठशे अडीअडचणीला. कागदावर ३,००० मधे बसतं.

आता अडचण. अमेरिकेतल्या चर्चांमधे स्वस्त मार्ग म्हणून जो सांगतात तो असा: १.८ इंजिन घ्या, त्यावर १.६ चंच वायरिंग, १.६ चाच ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) आणि १.६ चाच एअर फ्लो मीटर (आत येणारी हवा मोजणारा) ठेवा. गाडी चालते, वर थोडी घुसमटते, पण चालते. इथे मात्र दर दोन वर्षांनी स्मॉग चेक आहे. १९७६ ते ९९ च्या पेट्रोल गाड्या बे एरियात रोलरवर चढवून ताशी १५ आणि २५ मैलांवर धूर मोजतात, आणि बॉनेट उघडून डोळ्यांनीही तपासतात. तिथे १.८ वर १.६ चा मीटर दिसला तर काय होईल?

तर माझे प्रश्न.

१.८ घालून, स्मॉग पास होऊन, ३,००० मधे हे खरोखर जमतं का, की मी स्वतःची समजूत घालतोय? इंजिन कोणत्या वर्षाचं घ्यावं? फोर्ड एस्कॉर्ट जीटीमधेही हेच बीपी इंजिन येत होतं आणि ते भंगारात मातीमोल मिळतं म्हणतात, ते घ्यावं का? आणि १.६ चं मागचं डिफरन्शियल (मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी गिअरची पेटी) १.८ ची ताकद सहन करेल का?

क्लच आणि ब्रेक मी आधी स्वतः केलेले आहेत, इंजिन कधी उतरवलेलं नाही. गॅरेज दोन गाड्यांचं आहे, दुसऱ्या गाडीच्या मालकीणबाईंनी एक महिना दिला आहे.

प्रतिसाद

सॅक्रामेंटोहून लिहितोय. हे काम मी एका मित्राच्या ९२ च्या गाडीत केलं आहे, रेफरीच्या (सरकारी तपासनिसाच्या) शिक्क्यासकट, म्हणून जरा सविस्तर.

आधी नियम, कारण सगळं त्यावर ठरतं. कॅलिफोर्नियात इंजिन बदलायचं तर ते गाडीच्या मॉडेल वर्षाचं किंवा त्यानंतरचं हवं, आणि त्या इंजिनाबरोबर मूळ गाडीत जी जी प्रदूषण नियंत्रणाची सामग्री होती ती सगळीच्या सगळी हवी. ईसीयू, एअर मीटर, ऑक्सिजन सेन्सर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, पेट्रोलच्या वाफेचा कॅनिस्टर, सगळं. नेहमीच्या स्मॉगवाल्याकडे न जाता बीएआरच्या (राज्याच्या ब्युरो ऑफ ऑटोमोटिव्ह रिपेअरच्या) रेफरीची वेळ घ्यायची. बऱ्याच ठिकाणी हे रेफरी कम्युनिटी कॉलेजात बसतात. तो तपासून गाडीला लेबल चिकटवतो, मग पुढच्या चाचण्या नेहमीच्या ठिकाणी होतात. तुम्ही म्हणता तो १.८ वर १.६ चा मीटर हा प्रकार रेफरी पहिल्या पाच मिनिटांत हाणून पाडेल. इतर राज्यांतल्या लोकांचे व्हिडिओ बघून बजेट करू नका.

वर्ष १९९४ किंवा ९५ घ्या. ९६ पासून ओबीडी-२ ही गाडीने स्वतःचे दोष स्वतः नोंदवायची प्रणाली आली. ९६ चं इंजिन घेतलंत तर ती सगळी प्रणालीही चालू स्थितीत बसवावी लागेल, आणि १९९० च्या वायरिंगवर ते करणं म्हणजे नसता व्याप. बॉनेटखालचं उत्सर्जनाचं लेबल बघा, त्यावर कॅलिफोर्निया असायला हवं. तुमची गाडी कॅलिफोर्निया प्रमाणित असेल तर तिच्यात फेडरल (इतर राज्यांच्या नियमांचं) इंजिन टाकून खालच्या पायरीवर जाता येत नाही.

एस्कॉर्टचं इंजिन विसरा. ब्लॉक एकच असला तरी ते पुढच्या चाकांच्या गाडीसाठी आडवं बसवलेलं इंजिन. ऑइल पॅन, मॅनिफोल्ड, पाण्याचे मार्ग, सगळं तुम्हाला मियाटाचं लावावं लागेल. वर रेफरीला ते कोणत्या गाडीचं काय म्हणून दाखवणार? आतला क्रँक, पिस्टन वापरायला ठीक, पण तुमची ती गरज नाही.

आता पैशांचं. सुटं इंजिन घेऊ नका. एकदा इंजिन घेतलंत की मग वायरिंग हार्नेस वेगळा, ईसीयू वेगळा, मीटर वेगळा, आणि प्रत्येक विकणारा आपापला भाव लावतो. नवा कन्व्हर्टर घ्यायची वेळ आली तर कॅलिफोर्नियाची मान्यता असलेलाच लागतो आणि त्याचा भाव ऐकून घरी परत याल. त्यापेक्षा मागून ठोकलेली, चालू इंजिनाची अख्खी ९४-९५ ची गाडी घ्या. मागून ठोकलेली म्हणजे पुढचं सगळं शाबूत. तिच्यातून इंजिन, हार्नेस, ईसीयू, कन्व्हर्टर तर मिळेलच, शिवाय ७ इंची डिफरन्शियल आणि मोठे ब्रेक मिळतील. पुढची डिस्क १.६ ला २३५ मिलिमीटरची आहे, १.८ ला २५५ ची. उरलेलं विकायचं: सीट, दारं, हेडलाइट उघडायच्या मोटरी, आणि नशिबाने हार्डटॉप (काढता येणारं कडक छप्पर) असेल तर तुम्ही जिंकलात. माझ्या मित्राचा निम्मा खर्च असाच सुटला.

डिफरन्शियलबद्दल: तुमच्या गाडीचं ६ इंची आहे. शांतपणे चालवलंत तर १.८ च्या ताकदीला टिकतं. पण अख्खी गाडी घेतलीत तर हा प्रश्नच राहत नाही, फक्त हाफ शाफ्ट आणि प्रॉपेलर शाफ्टही त्याच गाडीचे काढा.

घ्यायच्या आधी कॉम्प्रेशन टेस्ट (प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजणं) कराच. इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा. आकडा किती यापेक्षा चारही सिलिंडर एकमेकांच्या जवळ आहेत का ते बघा. एक कमी आला तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा गेल्या, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. चौथ्या सिलिंडरचा प्लग नीट निरखा. हे इंजिन मुळात आडवं बसवायला घडवलेलं, पण मियाटात रेडिएटरकडे जाणारं पाणी हेडच्या पुढच्या बाजूने बाहेर पडतं, त्यामुळे मागचा चौथा सिलिंडर सगळ्यात गरम राहतो.

इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्रच वर काढा. गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंत अ‍ॅल्युमिनियमची लांब तुळई जाते, तिला पीपीएफ म्हणतात, ती आधी सोडवा. वेगळं करत बसलात तर बेलहाउसिंगचे (इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडाचे) वरचे बोल्ट आणि स्टार्टरचा वरचा बोल्ट तुमचा अख्खा रविवार खातील. हार्नेसचा प्रत्येक कनेक्टर काढण्याआधी मास्किंग टेपवर नाव लिहून चिकटवा. फोटोंवर विसंबू नका, फोटोत सगळ्या काळ्या वायरी सारख्याच दिसतात.

आणि एक, विचारलं नाहीत तरी सांगतो. ९२-९३ चं आठ खाचांचं १.६ मिळालं तर तेही बघा. तुमचंच वायरिंग, तुमचाच ईसीयू, इंजिन त्याच प्रकारचं, त्यामुळे रेफरीची भानगड नाही. दोन शनिवार-रविवारांत गाडी रस्त्यावर. १,५०० च्या आत.

प्रतिसाद

पुण्याहून नुसती असूया व्यक्त करायला आलो. इथे आरसीवर इंजिन नंबर असतो आणि गाडीतल्या फेरबदलांवर बंधन घालणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ डोक्यावर. शिवाय २०१९ मधे सर्वोच्च न्यायालयानेही सांगून टाकलं की उत्पादकाने दिलेल्या मूळ रचनेत असा फरक करता येणार नाही. तुमचा तो रेफरी इकडे पाठवून द्या, आम्ही त्याची पाद्यपूजा करू. फोटो टाका.

धागालेखक

सॅक्रामेंटोकरांचे मनापासून आभार, एका प्रतिसादात माझ्या वहीतली तीन पानं रद्द झाली.

९२-९३ च्या १.६ चा मुद्दा पटतोय आणि तेच खुपतंयही. शहाणपणाचं काय ते कळतं. पण क्रँक पुली बाहेर काढून खाच किती खाल्ली आहे ते आधी बघणार. लॉकटाइटवर वर्षभर निघणार असेल तर अख्ख्या गाडीच्या शोधाला घाई नाही, आणि घाई नसली की भाव करता येतो. नाही निघालं तर १.६ आणि ठोकलेली ९४, यातलं जे आधी सापडेल ते. पिक-एन-पुल या भंगार यार्डाच्या यादीत सध्या मियाटा आहेत, पण यार्डात पोचेपर्यंत इंजिनावरचं कामाचं सगळं लोकांनी नेलेलं असतं.

ट्रेसीजवळ एक ९५ ची विकायला आहे, मागून बसलेली, पाच गिअर, लेबल कॅलिफोर्नियाचं आहे असं फोनवर म्हणाला. मालक १,९०० मागतोय, पण टायटल (मालकीचा कागद) सॅल्व्हेज, म्हणजे अपघातात निकामी झालेली गाडी असं आहे आणि मागच्या वर्षापासून नोंदणी थकलेली आहे. मला ती रस्त्यावर आणायचीच नाही, पूर्ण सोडवून सांगाडा भंगारात द्यायचा आहे. अशा वेळी थकलेली फी माझ्या गळ्यात पडते का, आणि सांगाडा देताना डीएमव्हीचे (मोटार वाहन खात्याचे) कोणते कागद लागतात? कॅलिफोर्नियात हे कुणी केलं असेल तर शुक्रवारच्या आत सांगा, शनिवारी सकाळी बघायला जातोय.