दोन लहान मुलं आणि मध्ये आजी: गाडी घेताना नेमकं काय तपासायचं?

जुईची_आई:

मोठी साडेतीन वर्षांची, धाकटा सात महिन्यांचा. सध्याच्या छोट्या गाडीत दोघांच्या सीट लावल्या की मागे माणसाला जागाच उरत नाही, म्हणून गाडी बदलायची ठरवलंय. एक सेडान, एक उंच एसयूव्ही आणि एक सात सीटर, अशा तीन गाड्यांवर येऊन अडलोय. तिन्हींना क्रॅश टेस्टमध्ये पाच स्टार आहेत. नवरा एअरबॅग मोजतोय, दीर म्हणतात गाडी जेवढी जड तेवढी बरी, आणि शोरूममध्ये काहीही विचारलं तरी "सगळं सेफ आहे मॅडम" एवढंच उत्तर मिळतं.

सासूबाई बहुतेक वेळा सोबत असतात आणि मागे मुलांच्या मधे बसतात. बाळाला सीटमध्ये बांधून ठेवणं त्यांना आवडत नाही. "माझ्या मांडीवर निवांत झोपतो, माझ्याइतकं घट्ट त्याला कोण धरणार?" म्हणतात. नातवावर जीव आहे त्यांचा, त्यामुळे तोंडावर "नाही" म्हणवत नाही. त्यांना पटेल असं काय सांगू? आणि गाडी बघायला जाताना काय काय तपासू?

पाना_पक्कड:

स्टारपासून सुरुवात करतो. नुसता आकडा बघू नका, चाचणी कोणत्या वर्षी झाली ते बघा. युरो एनकॅप ही युरोपात गाड्यांच्या क्रॅश टेस्ट घेणारी संस्था, तिचे पहिले निकाल १९९७ साली आले, तेव्हापासून कसोट्या सतत कडक होत गेल्यात. जुन्या पाच स्टारांना आजच्या पाच स्टारांशेजारी ठेवता येत नाही. दुसरं, पूर्ण अहवाल उघडा. मोठ्यांचे गुण वेगळे असतात, मुलांचे वेगळे. मुलांच्या भागात डमीला, म्हणजे चाचणीतल्या पुतळ्याला, किती मार बसला एवढंच नसतं, निरनिराळ्या चाइल्ड सीट त्या गाडीत नीट बसतात का हेही दिलेलं असतं. तुम्हाला ते पान सगळ्यात जास्त उपयोगी पडेल. आणि चाचणीतल्या गाडीत जे होतं ते तुम्ही घेताय त्या मॉडेलमध्येही आहे ना, याची खात्री करा.

दिरांचं म्हणणं अर्धं खरं आहे. दोन गाड्या समोरासमोर धडकल्या तर जड गाडीतल्यांना झटका कमी बसतो. पण भिंतीवर किंवा झाडावर आदळलात तर स्वतःचंच वजन जिरवायचं असतं, तिथे केबिनचा सांगाडा टिकतो का यावर सगळं अवलंबून. शिवाय उंच गाडी उलटण्याची शक्यता जास्त. ईएससी, म्हणजे गाडी घसरायला लागली की एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून तिला ताब्यात ठेवणारी यंत्रणा, नसेल तर ती गाडी यादीतून काढून टाका.

अबोली:

ताई, मुलांच्या सीट गाडीत बसवून देणं आणि बसवलेल्या तपासून देणं हे माझं रोजचं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. माझं म्हणणं एकच: दोन्ही सीट, दोन्ही मुलं आणि आजी, सगळ्यांना घेऊन शोरूमला जा आणि तिथे प्रत्येक गाडीत सीट लावून बघा. विक्रेता कुरकुरला तर दुसरं शोरूम गाठा. पाच स्टारच्या गाडीत सीटच डुगडुगत असेल तर ते स्टार तुमच्या मुलांपर्यंत पोचतच नाहीत.

आधी बाळाची सीट. मागची गादी आणि पाठ यांच्या फटीत हात घाला, आयसोफिक्सच्या, म्हणजे चाइल्ड सीट थेट गाडीच्या सांगाड्याला अडकवायच्या, दोन कड्या लागल्या पाहिजेत. त्यांच्यातलं अंतर जगभर सारखंच, २८० मिलिमीटर. पण काही गाड्यांत त्या इतक्या खोल दडलेल्या असतात की सीट अडकवताना घाम निघतो. सीट अडकल्याची हिरवी खूण दिसली की सीट धरून जोर लावून हलवा.

मग त्या सीटचा पुढचा पाय, जो गाडीच्या फरशीवर टेकतो. इथे कृपया घाई करू नका. काही गाड्यांत मागे पाय ठेवतो त्या फरशीखाली सामानाचा कप्पा असतो. वरून चटई, त्याखाली झाकण आणि आत पोकळी. धडक बसली की सीट पुढे झुकते, मोठा भार त्या पायावर येतो आणि झाकण दबू शकतं. टाचेने ठोकून बघा, पोकळ आवाज आला तर चटई उचला आणि गाडीचं माहितीपुस्तक मागून घ्या. काही कंपन्या कप्प्यात भरायला भरीव ठोकळा देतात, काही तिथे पाय असलेली सीट लावूच नका असं स्पष्ट लिहितात. कितीतरी घरांत हे गाडी घेतल्यावर कळतं.

बाळ मागे तोंड करून बसणार, म्हणजे त्याच्यापुढची सीट पुढे सरकणार. घरातल्या सगळ्यात उंच माणसाला तिथे बसवून बघा. गुडघे डॅशबोर्डला टेकत असतील तर थोड्याच दिवसांत बाळाला पुढे तोंड करून बसवायची घाई सुरू होते, आणि ती घाई नको. बाळाचं डोकं शरीराच्या मानाने फार मोठं असतं, मानेचे मणके अजून पूर्ण हाडाचे झालेले नसतात. समोरून धडक बसली की उलट्या सीटमध्ये पाठ, मान आणि डोकं एकदमच पेललं जातं. चाइल्ड सीटसाठीच्या आर १२९ या आंतरराष्ट्रीय नियमानुसार १५ महिन्यांपर्यंत तसंच बसवायचं असतं, स्वीडनमध्ये तर साधारण चार वर्षांपर्यंत बसवतात. आणि समोरची एअरबॅग चालू असताना बाळाची उलटी सीट पुढे कधीच लावू नका. उघडणारी एअरबॅग थेट सीटच्या पाठीवर, म्हणजे बाळाच्या डोक्यामागे आदळते.

मोठीच्या सीटला वरचा पट्टा, म्हणजे सीटची पाठ मागे गाडीला बांधणारा, असेल तर गाडीत नांगराचं चिन्ह असलेली कडी शोधा. डिकीत सामान बांधायच्या कड्याही तशाच दिसतात, पण त्या हा झटका सोसण्यासाठी केलेल्या नसतात.

आता आजी. मधल्या जागेला खांद्यावरून येणारा पट्टा आणि डोक्याला टेकण हवंच, नुसता कमरेचा पट्टा नको. दोन्ही सीट लावून झाल्या की आजींना मधे बसवा आणि कुणीही मदत न करता पट्टा लावायला सांगा. बरेचदा बकल बाळाच्या सीटखाली दबतं, हात पोचत नाही. आज शोरूममध्ये जमलं नाही तर उद्या त्या पट्ट्याविनाच बसतील, आणि पट्टा न लावलेलं मोठं माणूस धडकेत शेजारच्या मुलांवरच आदळतं.

मांडीचं त्यांना असं सांगा: ताशी ५० किलोमीटरच्या वेगात गाडी आदळली तर तो आघात दहा मीटरवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून खाली पडल्याइतका असतो. त्या क्षणी आठ किलोचं बाळ दीड-दोनशे किलोंच्या ओढीने पुढे जातं. इतकी ओढ कुणाच्याच हातांना धरून ठेवता येत नाही, पैलवानाच्याही नाही. एकाच पट्ट्यात दोघं बसली तर आजींचं सगळं वजन बाळावर येतं.

एवढं सांगून झालं की पट्टा तपासायचं काम आजींकडेच सोपवा. बाळाला बांधलं की खांद्याजवळचा पट्टा चिमटीत धरायचा. घडी चिमटीत आली तर सैल आहे, आणखी ओढायचा. जाड स्वेटर आधी काढायचा, हवा तर पट्टा लावल्यावर वरून पांघरायचा. माझा अनुभव असा की हे काम एकदा हातात दिलं की आजी-आजोबांइतकं काटेकोर कुणी नसतं.

निनाद_प:

अबोलीताईंच्या प्रत्येक शब्दाशी सहमत. थोडी भर घालतो. सात सीटर घेतलीत तर तिसऱ्या रांगेतल्या डोक्यामागे काच किती जवळ येते ते बघा, आणि बाजूच्या पडदा एअरबॅग तिथपर्यंत पोचतात का हे विचारा. उंच गाडीच्या मागे उभं राहिलेलं छोटं मूल ड्रायव्हरला आरशात दिसतच नाही, त्यामुळे रिव्हर्स कॅमेरा हवाच.

उन्हात बंद गाडीचंही लक्षात असू द्या. आतलं तापमान पहिल्या अर्ध्या तासातच भराभर चढतं, काच बोटभर खाली ठेवून फारसा फरक पडत नाही. मागे मूल राहिल्याची आठवण देणाऱ्या बऱ्याच यंत्रणा फक्त मागचं दार आधी उघडलं होतं का एवढंच बघतात. मुलाचा श्वास टिपणारी रडारची यंत्रणा वेगळी. विक्रेत्याला नेमकी कोणती आहे ते विचारा.

जुईची_आई:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल सगळे मिळून गेलो होतो. सात सीटरची फरशी ठोकली तर खरंच पोकळ! माहितीपुस्तकात पायाची सीट लावू नका असं लिहिलंय, ते विक्रेत्यालाही माहीत नव्हतं. एसयूव्हीत दोन्ही सीट छान बसल्या, सासूबाईंनी स्वतः पट्टा लावला, वरचा पट्टा अडकवायची कडीही लगेच सापडली. सेडान अजून बघायचीय. तिसऱ्या मजल्याचं सांगितल्यावर सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. येताना त्यांनीच चिमटीत पट्टा धरून बघितला आणि मला आणखी ओढायला लावला.

एक राहिलं. मोठीला बूस्टरवर, म्हणजे मुलाला उंच करणाऱ्या बैठकीवर, कधी बसवू? ती सारखी मागे लागलीय.

अबोली:

सध्या नकोच. आताच्या सीटवर उंची आणि वजनाची मर्यादा लिहिलेली असते, ती संपेपर्यंत त्यातच बसू दे. बूस्टरवर मुलाला गाडीचाच पट्टा धरून ठेवतो, म्हणजे सगळी वाट नीट बसायची सवय हवी. झोपेत कलंडली किंवा पट्टा काखेखाली घेतला तर उपयोग नाही. बूस्टर आला की पट्टा खांद्याच्या मधून जाऊन खाली कमरेच्या हाडांवर बसतो का बघा, पोटावर नको. सेडानला जाल तेव्हा आजींना मधे बसवायला विसरू नका, सेडानची मधली जागा बरेचदा अरुंद आणि उंचवट्याची असते.