थंड पाण्यातली पोवळी की शीतजल प्रवाळ?

समुद्रवेल्हाळ: नॉर्वेच्या प्रवाळांवरचा लेख मराठीत आणतेय. लोफोतेनजवळ रॉस्ट इथे ३०० ते ४०० मीटर खोलीवर लोफेलिया जातीची वसाहत सुमारे ३५ किलोमीटर पसरली आहे. २००२ साली सापडली. मी ‘खोल समुद्रातील प्रवाळ’ लिहिलं. संपादक ‘शीतजल प्रवाळ’ म्हणतात. मला स्टेशनवरच्या ‘शीतल जल’ पाटीची आठवण होते.

दर्यावर्दी: ‘खोल’ मात्र चूकच. त्रोन्हाइमच्या फ्योर्डमध्ये, म्हणजे डोंगरांत घुसलेल्या अरुंद खाडीत, हीच जात जेमतेम ४० मीटरवर आहे. तिला लागतं ४ ते १२ अंशांचं पाणी आणि अन्नकण आणणारा प्रवाह. सरळ ‘थंड पाण्यातली पोवळी’ लिहा.

समुद्रवेल्हाळ: पोवळं म्हटलं की लोकांना मंगळाची अंगठी दिसते.

आजोळ: दिसू दे. ते भूमध्य समुद्रातलं पोवळंही कपारीत, अंधुक उजेडात वाढतं. लक्षद्वीपच्या प्रवाळांच्या अंगात उन्हावर जगणारं शेवाळ असतं; अंगठीतल्यात नाही, लोफेलियातही नाही.

दर्यावर्दी: आमच्याकडे पोवळी म्हणजे देवळाभोवतीची भिंत. ‘प्रवाळभित्ती’ तिथूनच सुचली असणार!

शुद्धमती: नुसत्या आवाजावरून नातं जोडू नका. संस्कृतात प्रवाल म्हणजे कोवळा कोंबसुद्धा. पोवळं त्यातूनच आलं.

आजोळ: त्यापेक्षा ट्रॉलिंगला काय लिहिलंय ते सांगा. नुसतं ‘मासेमारी’ नको हं. जड जाळं तळावरून ओढत नेतात. वर्षाला फार तर दोन-अडीच सेंटीमीटर वाढणाऱ्या फांद्या, काही वसाहती हजारो वर्षांच्या, एका फेरीत चुरा. नॉर्वेतल्या ३० ते ५० टक्के वसाहतींना इजा झाल्याचा अंदाज आहे. सुला इथे १९९९ मध्ये असं जाळं ओढायला बंदी आली, म्हणून तिथली वसाहत तरी राहिली.

शुद्धमती: ‘तळकर्षण’ चालेल.

आजोळ: कुठल्या खलाशाला कळेल? रत्नागिरीच्या बंदरात ट्रॉलिंगच म्हणतात.

समुद्रवेल्हाळ: पुढे समुद्राचं ‘आम्लीकरण’ आहे.

शुद्धमती: समुद्र अजून अल्कधर्मीच आहे, पीएच ८च्या आसपास. हा शब्द दिशाभूल करतो. फार तर ‘आम्लीभवन’.

आजोळ: ‘भवन’ म्हटलं की ते आपोआप घडतंय असं वाटतं. कार्बन डायऑक्साइड माणसं सोडतात, तो पाण्यात मुरतो आणि पाण्याचा पीएच उतरतो. जिवंत फांद्या वर असतात, त्यांना पेलणारा मेलेला सांगाडा खाली उघडा पडलेला. आधी तोच विरघळायला लागतो. ‘करण’च हवं.

शुद्धमती: व्याकरणात कर्त्याचा दोष शोधायचा नसतो.

दर्यावर्दी: देवळाच्या भिंतीला म्हणतात त्या पोवळीचं मात्र कुणी कोशात बघा. गोव्यातही हा शब्द आहे ना?