लिव्हर फाटलेल्या पेशंटमध्ये प्रिंगल: क्लॅम्प सोडताना काय सांभाळायचं?

सर्जन, रत्नागिरी जिल्हा
महामार्गावरच्या अपघातातले पेशंट इथेच उघडावे लागतात. कोल्हापूर आंबा घाटापलीकडे, आणि पावसात घाटाचा भरवसा नाही. प्रिंगल (लिव्हरकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या तात्पुरत्या आवळणं) लावली की रक्त थांबतं. सोडली की बीपी कोसळतं आणि दुसऱ्या दिवशी एसजीपीटी (लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) हजारांत जातं. ‘१५ मिनिटं बंद, ५ मिनिटं चालू’ हे इथे कितपत धरायचं? सोडण्याआधी मिथाइलप्रेडनिसोलोन किंवा एन-ॲसिटिलसिस्टीन द्यावं का?

लिव्हर सर्जन, मुंबई
१५-५ हे ठरवून केलेल्या रिसेक्शनचं, म्हणजे लिव्हरचा भाग कापून काढण्याचं गणित. तिथलं लिव्हर क्लॅम्प लागेपर्यंत धडधाकट असतं, सलग तासभरही सोसतं. तुमच्या पेशंटचं लिव्हर शॉकमुळे अपघातापासूनच उपाशी आहे, त्यामुळे घड्याळ तिथून धरा. फॅटी लिव्हर, दारू, किंवा भातलावणीच्या दिवसांत लेप्टोस्पायरोसिसची कावीळ असेल तर मुदत आणखी कमी.

रक्त बंद असताना पेशींचं इंधन असलेलं एटीपी संपतं, सोडियम आत शिरून पेशी फुगतात, सक्सिनेट हे अर्धवट जळलेलं रसायन साचतं. रक्त परत आलं की मायटोकॉन्ड्रिया ते झपाट्याने जाळतात आणि ऑक्सिजन रॅडिकल उसळतात. कुप्फर पेशी (लिव्हरमधल्या संरक्षक पेशी) दाह वाढवणारं टीएनएफ सोडतात, न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी सायनुसॉइडमध्ये, म्हणजे लिव्हरच्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग क्लॅम्प उघडा असूनही आतला भाग कोरडाच राहतो.

म्हणून प्रिंगल हे रक्त कुठून येतंय ते बघायचं आणि पॅक (दाबून रक्त थांबवायच्या कापडी घड्या) नीट बसवायचं साधन समजा. लेसर ओमेंटमचा (लिव्हर आणि जठरामधल्या पडद्याचा) पातळ भाग उघडा, डावी तर्जनी विन्स्लोच्या फोरामेनमधून (त्या रक्तवाहिन्यांमागच्या नैसर्गिक फटीतून) घाला, टेप फिरवून रबरी नळीच्या तुकड्यातून ओढा. दातेरी क्लॅम्प नको, पित्तनलिका चिरडते. टेप आवळूनही काळं रक्त येतच असेल तर ते हिपॅटिक व्हेन किंवा मागच्या कॅव्हाचं (हृदयाकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेचं). तिथे प्रिंगल वाढवून उपयोग शून्य, पॅक करा. लालभडक येत असेल तर लेसर ओमेंटममधून येणारी वेगळी डावी हिपॅटिक आर्टरी आहे का बघा.

स्टेरॉइड नको. ठरवलेल्या रिसेक्शनमध्ये एन्झाइम कमी चढतात म्हणून काही जण देतात, पण मोटरसायकलवरून पडलेल्याच्या डोक्याला मार असण्याची शक्यता मोठी, आणि २००४ च्या क्रॅश चाचणीत डोक्याच्या दुखापतीत मिथाइलप्रेडनिसोलोनने मृत्यू वाढले. एन-ॲसिटिलसिस्टीन पॅरासिटामॉलच्या विषबाधेत निर्विवाद, इथे पुरावा तोकडा. त्या वेळात रक्त गरम करा.

भूलतज्ज्ञ, चिपळूण
सरांनी क्लॅम्पचं सांगितलं, मी पडद्याच्या अलीकडचं सांगते. टेप आवळल्याची वेळ फळ्यावर लिहा आणि सोडायच्या ५ मिनिटं आधी आम्हाला सांगा. ‘सोडलं बरं का’ हे सोडल्यावर कळून काही होत नाही.

रक्ताच्या पिशव्यांतलं, रक्त गोठू न देणारं सायट्रेट मुख्यतः लिव्हरच जिरवतं. ते बंद असताना भराभर पिशव्या चढवल्या की आयोनाइज्ड कॅल्शियम पडतं आणि हृदय ढिलं होतं. बऱ्याचदा ‘सोडल्यावर बीपी गेलं’ त्याचं अर्धं कारण हे असतं. कॅल्शियम ग्लुकोनेट १० टक्के असेल तर लक्षात ठेवा, तेवढ्याच टक्केवारीच्या १० मिली कॅल्शियम क्लोराइडमध्ये त्याच्या साधारण तिप्पट कॅल्शियम असतं. एक ॲम्प्युल देऊन हात झटकू नका. पोटॅशियम आधीच ५.५ च्या वर असेल तर १० युनिट साधं इन्सुलिन आणि २५ टक्के डेक्स्ट्रोज १०० मिली सोडण्याआधीच द्या, कारण असर यायला १५ ते ३० मिनिटं जातात. ॲड्रेनलिन पातळ करून सिरिंजमध्ये भरून ठेवा, १० ते २० मायक्रोग्रॅमचे डोस. टेप एका झटक्यात नको, मिनिटभर घेऊन सैल करा. बीपी धडाधड पडलं तर पुन्हा आवळायची मुभा असू द्या.

थंडीने लिव्हर वाचतं हे प्रत्यारोपणातलं खरं. इथे मात्र ३५ अंशांखाली गेलात तर रक्त नीट गोठणार नाही.

सर्जन, रत्नागिरी जिल्हा
आणि घाटातून पाठवायचं असेल तर? टेप जरा आवळून ठेवली तर चालेल?

लिव्हर सर्जन, मुंबई
अजिबात नाही. टेप पूर्ण सोडून, पॅकवर रक्त थांबलंय हे टेबलावरच थोडा वेळ बघून मग पाठवा. थांबत नसेल तर पॅक पुन्हा बसवा. पॅक लिव्हरच्या वर आणि खाली, फाटीत कोंबू नका. फार घट्ट केलेत तर कॅव्हा दाबला जातो आणि लिव्हर परत उपाशी. मूत्राशयात २५ मिली सलाइन घालून दाब मोजा; २० मिमी पाऱ्याच्या वर टिकून लघवी आटत असेल तर पोट उघडं ठेवा. पॅकची संख्या आणि शेवटची प्रिंगल किती मिनिटांची होती, हे चिठ्ठीवर ठळक लिहा. पॅक २४ ते ७२ तासांत तिकडचे काढतील.

वाटेत साखर दर तासाला. एसजीपीटी पहिल्या एक-दोन दिवसांत शिखर गाठून उतरायला हवं. तिसऱ्या दिवशीही चढत असेल तर डॉप्लर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करून हिपॅटिक आर्टरी बघायला सांगा.

भूलतज्ज्ञ, चिपळूण
लॅक्टेट (ऑक्सिजन कमी पडला की रक्तात वाढणारं आम्ल) लगेच उतरलं नाही म्हणून फ्लुइड ओतत सुटू नका. ते जिरवणारं लिव्हरच दमलेलं आहे. एका आकड्यापेक्षा दर २ तासांचा कल बघा.