शब्दचर्चा : ‘ऑन क्लाउड नाइन’ इंग्रजी पत्रात चालेल का?

प्रश्न (अमळनेर) : सर, पुण्यातील एका कंपनीत माझी निवड झाली असून नियुक्ती स्वीकारल्याचे पत्र इंग्रजीत लिहायचे आहे. मी ‘आय ॲम इन द क्लाउड नाइन’ असे लिहिले आहे. मैत्रीण म्हणते, ‘सेव्हन्थ हेवन’ लिही. योग्य काय?

उत्तर (धुळे) : ताई, आपले मनापासून अभिनंदन. दोन्ही वाक्प्रचारांचा अर्थ ‘अतिशय आनंदात असणे’ असाच आहे. ‘क्लाउड नाइन’च्या आधी ‘ऑन’ येते, ‘द’ येत नाही, आणि नऊ हा आकडा अक्षरांतच लिहितात. ‘सेव्हन्थ हेवन’ला मात्र ‘इन’ लागते, कारण ढगावर बसायचे आणि स्वर्गात राहायचे. यहुदी व इस्लामी परंपरांत सात स्वर्ग मानले असून सातवा सर्वांत वरचा आहे, म्हणून तेथे परमसुख. आपल्या खान्देशात हिंदी सतत कानांवर पडते आणि हिंदीत सातव्या आसमानावर बहुधा राग चढतो. इंग्रजीत या शब्दांना रागाची छटा मुळीच नाही, हे ध्यानात ठेवावे.

नववा ढग कोठून आला, याबद्दल १८९६ च्या आंतरराष्ट्रीय मेघ-ॲटलासमध्ये, म्हणजे ढगांच्या प्रकारांच्या सचित्र पुस्तकात, गडगडाटी मेघाचा क्रमांक नववा होता, असे हमखास सांगितले जाते. तो क्रमांक खरा आहे. परंतु हा वाक्प्रचार विसाव्या शतकातील अमेरिकेतला असून तेथे ‘क्लाउड सेव्हन’ आणि ‘क्लाउड एट’ अशी रूपेही आढळतात, त्यामुळे ही उपपत्ती मला पटत नाही.

तरीही आपल्या पत्रात यांपैकी काहीच नको. ‘मला स्वर्ग दोन बोटे उरला आहे’ हे वाक्य आपण तहसीलदारांच्या नावे केलेल्या अर्जात घालणार नाही. ‘ऑन क्लाउड नाइन’ त्याच घरगुती बोलण्यातले आहे आणि मैत्रिणीला लिहिताना ते शोभून दिसेल. कंपनीला ‘आय ॲम हॅपी टु ॲक्सेप्ट द ऑफर’ एवढे पुरते. मात्र ‘हॅपी फॉर माय सिलेक्शन’ लिहू नये, ही चूक आपल्याकडे फार होते. ‘हॅपी फॉर’नंतर माणूस येतो आणि त्याच्या आनंदात आपण आनंदी आहोत, असा अर्थ होतो, घटनेसाठी ‘हॅपी अबाउट’, आणि मिळालेल्या गोष्टीने समाधान असेल तर ‘हॅपी विथ’.

प्रश्न (चाळीसगाव) : सर, आमच्या वर्गातली मुले ‘हॅपीनेस केम टु मी’ असे लिहितात. व्याकरण तर बरोबर दिसते, मग खटकते का?

उत्तर (धुळे) : मुले घरी अहिराणीत ‘माले भलता आनंद व्हयना’ म्हणतात आणि शाळेत ‘मला आनंद झाला’ लिहितात. दोन्हींत आनंद हा कर्ता आहे आणि माणूस चतुर्थीत आहे, तीच घडण ती इंग्रजीत नेतात. इंग्रजीत अशा वेळी माणसालाच कर्ता करतात : ‘आय वॉज व्हेरी हॅपी’. आनंदाचे कारण पुढे आणायचे असेल, तर कारण कर्त्याच्या जागी ठेवून ‘द न्यूज मेड मी हॅपी’ असे लिहायला शिकवावे.