मदत हवी आहे: धातूची झडप, रक्त पातळ करायची गोळी आणि दाढ काढणं

आई ६१ वर्षांची. २०१६ साली तिची हृदयाची मायट्रल झडप बदलून धातूची बसवली. तेव्हापासून असिट्रॉम (रक्त पातळ करायची गोळी) चालू आहे, परवाचा आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते दाखवणारी तपासणी) २.९. आता खालची दाढ किडून हलतेय, हिरडीतून पू येतो, ती काढायचीच आहे.

दाढ काढताना तोंडातले जंतू रक्तात उतरून झडपेवर बसू शकतात, म्हणून आधी अँटिबायोटिक लागतं, एवढं माहीत आहे. एरवी अमॉक्सिसिलिन (पेनिसिलिनच्याच गटातलं) २ ग्रॅम, अर्धा ते एक तास आधी. पण आईला पेनिसिलिन चालत नाही, मागे अंगभर गांध्या उठून ओठ सुजले होते. दातांचे डॉक्टर क्लिंडामायसिन म्हणाले, तर अमेरिकन हार्ट असोसिएशनने ते २०२१ मध्येच सुचवणं बंद केलंय. हृदयाचे डॉक्टर सोमवारी भेटतील, दाढ मंगळवारी. असिट्रॉम आम्ही मनाने बंद केलेली नाही, करणारही नाही.

घरच्या कुणाचं असंच झालं असेल तर सांगा: अ‍ॅझिथ्रोमायसिन ५०० दिलं होतं की डॉक्सिसायक्लिन? आणि नंतर आयएनआर कितव्या दिवशी तपासायला सांगितला?